पद्मिनीच्या इंजिनातून टकटक येतेय, गॅरेजवाला म्हणतो क्रँक गेला. खरंच?

कासची_फुलं

नमस्कार मंडळी, इथे वाचते बरेच दिवस पण लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे १९८३ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी नवी घेतलेली, तेव्हा पैसे भरून नंबर लागायची वाट बघायला लागायची, त्यामुळे घरात तिचा मान आमच्यापेक्षा जास्त. मी गाडी शिकले तीसुद्धा हिच्यावरच, स्टिअरिंगजवळचा हँड गिअर, त्यामुळे पुढे मारुती चालवताना महिनाभर डावा हात हवेत जायचा. असो.

मे महिन्यात सर्व्हिसिंग करून घेतलं, ऑइल बदललं, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) सेट केले. मग पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी, साताऱ्याचा पाऊस माहितीये तुम्हाला. गणपतीत बाहेर काढली तेव्हापासून दर रविवारी एक चक्कर असते, आतापर्यंत तीनेकशे किलोमीटर झाले असतील. तर आता आवाज येतोय. आधी बारीक टिकटिक होती, शिलाई मशीनसारखी, स्लोवर उभी असताना जास्त कळायची. गेल्या दोन रविवारांपासून ती चांगली टकटक झालीये आणि गाडी तापली की खालून आणखी एक जाडसर ठक ठक येते असं मला वाटतं (की माझ्या मनाचे खेळ, आता मला फ्रिजच्या आवाजातपण टकटक ऐकू यायला लागलीये). रेस केलं की आवाजाचा वेगही वाढतो. तापल्यावर स्लोला ऑइलचा लाल दिवा मिचमिचतो, रेस दिली की विझतो.

गॅरेजवाल्याने लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून कानाला लावला आणि दोन मिनिटांत सांगितलं, ताई क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) गेला, बेअरिंग बोलतायत, इंजिन उतरवून हाफ इंजिन करावं लागेल, ५५ हजार, वर पार्ट मिळाले तर. मी म्हटलं ऑइल कमी असेल का, तर ऑइल भरपूर आहे, पट्टीवर मॅक्सच्याही बोटभर वर. सर्व्हिसिंगला मी स्वतः बघितलं होतं तेव्हा बरोबर मॅक्सला होतं, म्हणजे एवढी जुनी गाडी पण एक थेंब ऑइल खात नाही, मग बेअरिंग कसं जाईल?

बाबांचं वय ७९, कानाचं मशीन खिशात ठेवतात, त्यांच्या मते काही आवाजच नाहीये. त्यांची तक्रार वेगळीच, गाडीला पेट्रोलचा वास येतो म्हणतात. जुन्या गाडीला येतोच की वास, चोकवाली गाडी आहे. ॲव्हरेज पण थोडं पडलंय, ते मी चोकवर ढकललंय.

५५ हजार आहेत असं नाही आणि नाहीतच असंही नाही, पण इंजिन उघडलं की ते परत पूर्वीसारखं बसत नाही असं बाबा म्हणतात. काय करू?

डबल_डिक्लच

दादा इंजिन उघडू नका इतक्यात. ९० टक्के वेळा ही टिकटिक टॅपेटची असते. मे मध्ये सेट केले म्हणताय पण गॅप कोणी बघितला, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावला होता की हातानेच हलवून "ठीक है"? आमच्याकडे एकजण ब्लेडचं पातं घालून टॅपेट सेट करायचा, देवाशपथ.

दुसरं म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) पॅकिंग. ते थोडं फुटलं तर गॅस फट फट फट बाहेर पडतो आणि डिट्टो टॅपेटसारखा आवाज येतो, कित्येक लोक महिनोन्महिने टॅपेट सेट करत बसतात. बागेच्या नळीचा दोन-तीन फुटी तुकडा घ्या, एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या जॉइंटवरून फिरवा, लीक असेल तिथे कानात थेट फटका बसतो. पण त्याची खूण अशी की तो थंड असताना जास्त असतो, लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज कमी होतो. तुमचं उलटं आहे म्हणून मी टॅपेटवरच पैसे लावतो.

फिलरगेज

आवाजाचा प्रकार सांगण्याआधी त्याचा वेग मोजा, बाकी सगळं नंतर. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेऱ्या फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह चालवणारा दांडा) एक फिरतो. म्हणजे स्लोला इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन यांच्याकडून येणारा ठोका मिनिटाला ८०० वेळा पडणार आणि कॅमवर चालणाऱ्या गोष्टींचा ४०० वेळा. सेकंदाला साधारण तेरा आणि साधारण साडेसहा. कानाने तेरा मोजता येत नाहीत पण फरक कळतो, साडेसहाची टकटक "मोजता येईल असं वाटते पण येत नाही" अशी असते, तेराची नुसती गुरगुर वाटते.

पक्कं करायचं असेल तर टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा, तो क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा चमकतो. प्रत्येक चमकेला एकच टक ऐकू आली तर आवाज कॅमच्या बाजूचा, दोन आल्या तर क्रँकच्या बाजूचा. लाइट नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून पाव वेगाने ऐका. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावणं चूक नाही पण आवाज ब्लॉकमधून इकडून तिकडे प्रवास करतो, सगळीकडेच तो ऐकू येतो, कुठे सगळ्यात मोठा आहे ते शोधायला धीर लागतो. दोन मिनिटांत क्रँक गेला सांगणारा माणूस मला तरी आवडला नाही.

मीटरडाऊन

वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंय पण मूळ गोष्ट कोणाच्या लक्षात नाही आली. पोरी, आधी एक काम कर, गाडी चालू करू नकोस. आजपासून. आवाज ऐकायलाही नाही, शेजाऱ्याला दाखवायलाही नाही.

मी परळला एकवीस वर्षं काळीपिवळीचं काम केलंय, पद्मिनी सोडून दुसरं काही हातातून गेलंच नाही म्हटलं तरी चालेल, आता चिपळूणला असतो. तू लिहिलंयस एक थेंब ऑइल खात नाही, मॅक्सच्या वर आहे. मे मध्ये मॅक्सला होतं आणि आता बोटभर वर! कोणी भरलं? चाळीस वर्षांचं इंजिन आहे, तीनशे किलोमीटर चाललंय, पट्टी थोडी खाली यायला पाहिजे, फार तर तिथेच राहायला पाहिजे. वर जायला चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, काहीतरी बाहेरून यायला लागतं. बाहेरून येणाऱ्या गोष्टी दोनच, पाणी नाहीतर पेट्रोल. पाणी आलं असतं तर ऑइल चहासारखं दुधाळ झालं असतं आणि ते तू लिहिलं असतंस. आणि तुझ्या बाबांना वास येतोय.

आता कसं ते सांगतो. पद्मिनीला एसी पंप असतो, म्हणजे पेट्रोलचा पंप, इंजिनाच्या अंगाला बसवलेला, कॅमशाफ्ट त्याचा आर्म हलवतो, आर्म आतल्या रबरी पडद्याला वरखाली करतो, त्या ओढीने टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला येतं. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनाची पोकळी. पडदा चिरला की थोडं पेट्रोल कार्बोरेटरला जातं आणि थोडं सरळ खाली चेंबरमध्ये. गाडी चालू राहते, ओढ पण फारशी कमी वाटत नाही, त्यामुळे कळत नाही. ॲव्हरेज मात्र पडतं. ऑइल पातळ होतं, तापलं की आणखी पातळ, मग स्लोला प्रेशर राहत नाही आणि लाल दिवा मिचमिचतो. बेअरिंगमधली ऑइलची फिल्म पातळ झाली की ती बोलायला लागतात, तुझी ती जाडसर ठक ठक. गॅरेजवाल्याने ऐकलेलं खोटं नव्हतं, बेअरिंग बोलतच असतील, पण का बोलतायत ते त्याने विचारलं नाही.

पट्टी काढ, बोटाला लावून वास घे, चोळून बघ. मग एक थेंब जुन्या पेपरवर टाक आणि शेजारी नव्या ऑइलचा एक थेंब. पेट्रोलवाला थेंब भराभर पसरतो आणि भोवती पिवळसर पातळ कडा सोडतो. बस. आणि कोणी काडी लावून बघा म्हटलं तर त्याला घराबाहेर काढ, आमच्या वेळी असले शहाणे होते.

डबल_डिक्लच

काका _/\_ मी तीनदा वाचली पोस्ट, ते "मॅक्सच्याही वर" वाक्य मला गाडीचं कौतुकच वाटलं होतं.

कासची_फुलं

दादा नाही, ताई :) असू दे.

मीटरडाऊन काका, पेट्रोल आहे. पट्टी नाकाशी धरली आणि पंपावर उभं असल्यासारखं वाटलं. पेपरवरचा थेंब तर पाच मिनिटांत दुप्पट झाला, नवीन ऑइलचा तसाच गोल. बाबांना दाखवलं तर ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला आणि आत गेले. मला कळलं.

गाडी हलवलेली नाही. पण मग ती बारीक टिकटिक कुठली? ती तर आधीपासून आहे, ऑइल पातळ व्हायच्या आधीपासून असावी. आणि बेअरिंगचं किती नुकसान झालं असेल?

मीटरडाऊन

नुकसान किती ते आता सांगता येणार नाही, ऑइल बदलल्यावर इंजिन स्वतः सांगेल. घाबरू नकोस, टॅक्सीवाले अशा दिव्यावर आठ-आठ दिवस धंदा करायचे आणि मग आमच्याकडे यायचे, सगळ्यांचे क्रँक गेले असं नाही.

क्रम असा ठेव. गाडी जागेवरच उभी ठेवून ऑइल काढ, बंद खोलीत नको, उघड्यावर, विडीकाडीवाला जवळ नको. किती निघालं ते मोज. फिल्टर बदल. साधं २०-डब्ल्यू-५० भर, भारीतलं नको, हे ऑइल आपण थोड्या दिवसांत परत टाकून देणार आहोत. पातळ सिंथेटिक भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, हे इंजिन त्या ऑइलसाठी बनलेलं नाही.

मग पंप काढ. दोन नट आहेत. त्याआधी टाकीकडून येणारी नळी काढून तिच्यात बोल्ट खुपस, नाहीतर पेट्रोल टपकत राहील. पंपाखाली जाड पॅकिंग असतं ते जपून ठेव, परत बसवताना जाडी तेवढीच पाहिजे, पातळ लावलं तर आर्म जास्त दाबला जातो आणि तुटतो, जाड लावलं तर पंप पुरेसा ओढत नाही. हे नव्या मुलांना माहीत नसतं, पॅकिंग म्हणजे पॅकिंग म्हणून शीट कापून लावतात.

पंप हातात आला की आर्म बोटाने हलवून बघ. बाजूला लुडबुडतो का, पिन झिजली आहे का, स्प्रिंगला जोर आहे का. मला वाटतं तुझी टिकटिक तिथेच आहे. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस, टेस्ट करता येते. पंपाच्या जागी पत्र्याची पट्टी कापून पॅकिंगसकट घट्ट बसव, नाहीतर भोकातून ऑइल उडेल. कार्बोरेटरच्या वाटीत असतं तेवढ्या पेट्रोलवर इंजिन स्लोला अर्धा-पाऊण मिनिट चालतं. तेवढ्यात ऐक. टिकटिक गेली तर चोर सापडला.

फिलरगेज

ही टेस्ट माझ्या टायमिंग लाइटपेक्षा चांगली आहे, मान्य. एसी पंप कॅमवर चालतो म्हणजे त्याची टिकटिक पण अर्ध्या वेगाचीच असणार, टॅपेटसारखीच. म्हणूनच लोक फसतात. मी नुसतं "कॅमच्या बाजूचा" म्हणून थांबलो असतो आणि सगळे टॅपेट कव्हर उघडून बसले असते.

फक्त एक भर घालतो. पंप काढायच्या आधी, नव्या ऑइलवर इंजिन चालू असताना एकेक प्लगची वायर काढून बघा. इन्सुलेटेड पक्कड वापरा, हाताने नको, झटका सणसणीत बसतो, आणि काढलेली वायर हवेत लटकत ठेवू नका, ब्लॉकला टेकवा. त्या सिलिंडरला फायरिंग बंद झालं की त्याच्या रॉडवरचा, पिस्टनवरचा जोर जातो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बोलत असेल तर त्या एका वायरला आवाज ठळकपणे कमी होईल. चारही वायरला काहीच फरक नाही पडला तर रॉड आणि पिस्टन बहुतेक सुटले. मेन बेअरिंगचा ठोका एवढा स्पष्ट सापडत नाही, तो जड, खोल असतो आणि चढावर, लोडवर जास्त येतो. आणि जाता जाता फॅन बेल्ट काढूनसुद्धा पंधरा-वीस सेकंद चालवून बघा, डायनॅमो आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगची पण अशीच लपाछपी चालते. जास्त वेळ नको, पाणी फिरणार नाही.

मडगावकार

मी गोव्यातून. आमच्याकडे पण ८०च्या दशकातली एक आहे, अगदी हीच गोष्ट गेल्या वर्षी झाली. माझं मत सांगतो, हे सगळं ई-२०चं पाप आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, जुन्या रबराला ते चालत नाही, फुगतं नाहीतर कडक होऊन चिरतं, वर ते हवेतलं पाणी ओढतं. आता पंपावर दुसरं साधं मिळतं कुठे? पडदा, नळ्या, कार्बोरेटरची पॅकिंग सगळं बदलून घ्या, इथेनॉल चालणाऱ्या रबराचं मागा.

मीटरडाऊन

बदलायचं ते बदला, बरोबर आहे. पण सगळं खापर ई-२०वर नको. इथेनॉलचं नावही नव्हतं तेव्हा महिन्याला दोन-चार पडदे मी बदलायचो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापायचं, पंप तापायचा, पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी सिग्नलला बंद पडायची, मग ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत. रबर ते रबरच. इथे पडदा किती जुना होता ते आधी कळू दे. बरेचदा पावसाळाभर उभी राहिलेली गाडी पंपातलं पेट्रोल सुकवून टाकते, कोरडा पडलेला पडदा पहिल्या धक्क्याला चिरतो. ई-२०ने घाई केली असेल.

मडगावकार

बाब, तुमचा अनुभव मोठा. पण माझा नवा पडदा आठ महिन्यांत गेला हे पण खरं.

मीटरडाऊन

मग तो नवा नव्हता, जुन्या स्टॉकमधला होता. दुकानात दहा वर्षं पडलेला पडदा पण पाकिटात नवाच दिसतो. वाकवून बघायचा, कडेला बारीक भेगा दिसल्या तर परत करायचा.

रविवारचा_ड्रायव्हर

विषयांतर होईल पण या गाडीवर एवढी माहिती एका जागी बघून बरं वाटलं. कुर्ल्याला कारखाना होता, १०८९ सीसीचं हे इंजिन मूळ फियाट ११००चं, आणि मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २००३ साली रजिस्टर झालेली, तिची टॅक्सी म्हणून चालायची २० वर्षं २०२३च्या ऑक्टोबरमध्ये संपली. तेव्हापासून दुरुस्त करणारे हात पण पांगले. काकांसारखे लोक चिपळूणला जाऊन बसले :)

ताई, पार्टसाठी पुण्यात नाना पेठेत विचारा. जुने पंप तिथे मिळाले नाहीत तर मुंबईत ऑपेरा हाऊसकडची स्पेअरची दुकानं. जुना पंप सोबत घेऊन जा, नुसतं पद्मिनीचा द्या म्हणू नका. आणि अजून एक, काही लोक म्हणतात ४० वर्षांची झाली म्हणजे व्हिंटेजमध्ये नोंदवता येते, तसं नाहीये, २०२१च्या नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची. तुमच्या गाडीला अजून वेळ आहे.

कासची_फुलं

सगळ्यांना आधी थँक्यू, आता रिपोर्ट. मोठा आहे, चहा घेऊन बसा.

गॅरेजवाल्याकडे नाही गेले. शेजारचा मुलगा आयटीआयला मोटर मेकॅनिक करतोय, त्याला आणि बाबांना घेऊन अंगणात केलं सगळं. ऑइल काढलं, दुधाच्या कॅनने मोजलं, भरलं होतं त्यापेक्षा पाऊण लिटरच्या आसपास जास्त निघालं. आणि इतकं पातळ की खोबरेल तेल वाटावं, उन्हाळ्यातलं. पोरगा म्हणाला मॅडम यात तर गाडी चालेल :)

फिल्टर आणि २०-डब्ल्यू-५० टाकून चालू केली. मला वाटलं लाल दिवा निदान थोडा तरी दिसेल, तर नाही. पंधरा मिनिटं चालवून, चांगली तापवून, स्लोला आणून बघितलं, दिवा विझलेलाच. ती जाडसर ठक ठक गेली. पूर्ण गेली असं मी म्हणते, पोरगा म्हणतो ९५ टक्के. बारीक टिकटिक मात्र होती तशीच.

मग फिलरगेज यांच्या टेस्ट. चारही प्लगच्या वायर एकेक करून, इंजिन लंगडायला लागायचं पण टिकटिक जशीच्या तशी. फॅन बेल्ट काढून, तीच. डबल_डिक्लच यांची नळी पण फिरवली मॅनिफोल्डवरून, काही नाही, फक्त माझा कान काळा झाला. टॅपेटचा गॅप फिलर गेजने बघितला, दोन एक्झॉस्टचे किंचित मोकळे होते ते पुस्तकाप्रमाणे बसवले, टिकटिक थोडी हलकी झाली असं वाटलं पण गेली नाही.

शेवटी पंप. इंजिन गार व्हायची वाट बघितली, मग दोन नट, त्यातला एक इतका जाम की तेल टाकून रात्रभर ठेवावा लागला. पत्र्याची पट्टी पोराने डालड्याच्या जुन्या डब्याची कापली, पॅकिंग लावून बसवली. नळीत बोल्ट. चालू केली आणि काका, शांतता. म्हणजे इंजिनाचा आपला तो गुरगुरणारा आवाज, बाकी काही नाही. मी घड्याळ लावलं होतं, ४० सेकंद चालली आणि वाटीतलं पेट्रोल संपलं तशी आचके देत बंद पडली. बाबा तेवढ्यात आतून मशीन कानाला लावून आले आणि त्यांनी काहीच ऐकलं नाही कारण ऐकण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

पंप उघडला. पडद्याला कडेने पाऊण इंचाची चीर, आणि रबर एवढं कडक की वाकवला तर तुटेल. आर्मची पिन झिजून भोक लांबट झालेलं, आर्म बोटाने डावीउजवीकडे हलतो. म्हणजे आवाज आणि पेट्रोल दोन्ही एकाच डबीतून. बाबांना विचारलं पडदा कधी बदलला होता तर म्हणाले तुझ्या लग्नाच्या वर्षी. माझ्या लग्नाला १७ वर्षं झाली. मडगावकार, सॉरी, ई-२० निर्दोष सुटला, निदान पुराव्याअभावी.

नाना पेठेत तिसऱ्या दुकानात पंप मिळाला. आधी नुसतं पडद्याचं किट घेणार होते पण पिनची अवस्था बघून दुकानदारच म्हणाला बॉडी गेलीये, किट वाया जाईल. पडदा वाकवून बघितला, दुकानदाराला राग आला पण बघितला. जुनंच जाड पॅकिंग जाडी मोजून परत लावलं. गाडी पहिल्या सेल्फला नाही, चौथ्याला उठली, वाटी भरायला वेळ लागला असेल. आत्तापर्यंत १२० किलोमीटर झाले, पट्टी रोज बघते, हलली नाहीये, वास नाही.

एक शंका आहे. सकाळी गार असताना आता एक वेगळा आवाज जाणवतो, पोकळ ढब ढब, गाडी तापली की जातो. हा नवीन आहे की आधी टिकटिकीखाली दबला होता?

फिलरगेज

पिस्टन स्लॅप. पिस्टन आणि सिलिंडरमधली फट झिजून थोडी वाढली की गार असताना पिस्टन भिंतीवर आपटतो, तापून फुगला की बसतो. दबलाच असणार. तापल्यावर जात असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर नसेल तर काही करू नका. नुसती गार असताना रेस देऊ नका, पहिले दोन किलोमीटर हळू न्या.

मीटरडाऊन

बरोबर. चाळीस वर्षांच्या इंजिनाला सकाळी थोडं खाकरू दे.

हे ऑइल ५०० किलोमीटरला काढून टाक, तेव्हा चेंबरच्या बोल्टला आणि निघालेल्या ऑइलमध्ये चमचम करणारी कणी दिसते का बघ. जाळीतून नाहीतर पांढऱ्या फडक्यातून गाळ. बारीक करडी भुकटी थोडी असतेच, पण चंदेरी किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर बेअरिंग सोलायला लागलंय, मग चेंबर खाली करून बेअरिंग बघता येतात, त्यासाठी सगळं इंजिन उतरवायची गरज नाही. नाही दिसले तर विषय संपला.

आणि त्या गॅरेजवाल्याकडे परत गेलीस तर भांडू नकोस, फक्त जुना पडदा दाखव.

डबल_डिक्लच

ताई, झिजलेल्या पिनची जुनी बॉडी टाकून देणार असाल तर मला द्या, माझ्या गाडीच्या पंपाचं वरचं झाकण तडकलंय, त्यातलं चालेल. कुरिअरचे पैसे मी देतो.

कासची_फुलं

विचारलं. बाबांनी ती रॉकेलने धुऊन, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलीये आणि "झाकण चांगलं आहे, कशाला द्यायचं" म्हणतायत. दोन दिवस थांबा, मी बोलून बघते.